तहाने विचारलेलं काडतूस

खोर फक्कान, १२ सप्टेंबर २०२४

तहा,

अस्सलामु अलैकुम. अल्ला तुला, झाराला आणि मी अजून न पाहिलेल्या माझ्या नातवाला, रुहानला सलामत ठेवो.

तुझा मेल काल एमानच्या फोनवर आला. ती ऑफिसातून आली ती चपला न काढताच आत. "अम्मा, तहाचा मेल! अब्बांच्या नावाने आहे!" इतकी वर्षं ज्या पोराचा शब्द नाही, तो बापाला मेल करतो म्हणजे काहीतरी वाईटच असणार. वाचून बघते तर काय, ससे मारायला कुठलं काडतूस घ्यावं, मांस खराब होता कामा नये! मी हसले, मग रडले, मग एमान हसायला लागली म्हणून पुन्हा हसले.

अरे, तूच ना तो? ईदच्या जेवणाला बंदुकांच्या दुकानाचे मालक, अरबाब, आपल्या शारजाच्या घरी आलेले, दस्तरख्वान भरलेलं, आणि तू ताट बाजूला सारून सगळ्यांसमोर इंग्लिशमध्ये म्हणालास, माझा बाप मौत विकतो आणि वर थँक यू, कम अगेन म्हणतो. तुझे अब्बा उठले, हात धुऊन आले आणि पाहुण्यांना खजूर वाढायला लागले. त्या दिवसापासून त्यांनी तुझं नाव घेतलं नाही. तूही पाठ फिरवलीस ती थेट न्यूझीलंड गाठलंस. तुझा निकाह आम्ही फोटोत पाहिला.

आता तोच पोरगा काम करतो त्या चेरीच्या बागेत ससे शिरलेत. कोवळ्या झाडांची साल सोलून खातात, मालक म्हणतो गोळ्या घाला, आणि आमचे तहासाहेब म्हणतात, मारून नुसतं फेकून देणं मला पटत नाही, मारायचं तर खायचं. ही गोष्ट तू अब्बांना लिहिलीस म्हणून मी तुझं सगळं माफ केलं. माझं सोपं असतं, तुला माहीत आहे.

त्यांचं सोपं नाही. मी मेल वाचून दाखवला तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. म्हणाले, "त्याला सांग, दुकान बंद झालं. खलास." मी चहा ठेवला. दुपारी असरची नमाज झाल्यावर आपणहून विचारतात, "रायफल कुठली घेतलीय म्हणाला?" मी म्हटलं, ते नाही लिहिलं त्याने. "मग विचार ना! गिऱ्हाईक कधी सगळं सांगतं का? आपण विचारायचं असतं."

तेव्हा कळव. रायफल कुठली? अंतर किती? जमीन सपाट की चढाची? झाडांमध्ये माणसं फिरतात का?

एमान म्हणाली, अम्मा, सिंपल व्हॉइस नोट पाठव. तर हे म्हणाले, आवाज गेला म्हणजे बोलल्यासारखंच झालं, आणि मी त्याच्याशी बोलणार नाही अशी कसम खाल्लीय. कागदाला हरकत नाही म्हणे. म्हणून मी लिहिते आणि एमान त्याचा फोटो काढून पाठवेल. सुट्टीत गावी नेऊन तुला बळेबळे मराठी वाचायला शिकवलं होतं, ते वाया गेलं नसेल अशी आशा आहे. तुझ्याशी ते बोलणार नाहीत, पण तुझ्या प्रश्नाशी त्यांचं वैर नाही, एवढं ध्यानात घे.

आम्ही शारजाचं घर सोडून एमानकडे राहायला आलो आहोत. इथून हॉस्पिटल जवळ आहे. समुद्र जवळ आहे, असं लिहायचं होतं. पेनाने लिहिलेलं खोडलं तरी दिसतंच, म्हणून राहू दिलं. बाकी सगळं ठीक.

तुझी अम्मा


खोर फक्कान, १९ सप्टेंबर २०२४

तहा बाळा,

तुझं उत्तर लगेच आलं त्याचं यांना फार बरं वाटलं. बोलून दाखवलं नाही. पण उशी पाठीला लावून बसवायला सांगितलं, चष्मा मागितला, आणि एमानला म्हणाले, "ऑफिस को बोल, आज लेट आऊंगी." ती म्हणाली, "अब्बा, माझी मीटिंग आहे!" तर म्हणाले, "इथेही मीटिंगच आहे." पुढचं सगळं त्यांचं, मी फक्त लिहिते.

"पॉइंट सेव्हन्टीनच्या रायफलीचं नाव काढू नको म्हणावं. तरुण पोरं काउंटरवर आली की पहिलं तेच मागतात. लांब जाते, सरळ जाते, सगळं खरं. पण इतक्या जोरात जाते की सशासारख्या लहान जनावराच्या अंगात शिरल्याबरोबर आत फुटते. खांद्याला लागली तर दोन्ही खांदे गेले. मांस रक्ताने काळं पडतं, हाडाचा चुरा दाताखाली येतो. मोठ्या रायफलीचं तर विचारूच नको, ससा सापडला तर नशीब.

"तुझ्याकडे टू-टू रायफल आहे, तेवढी पुरे. साधी टू-टू, जास्त जोराची मॅग्नम नाही. काडतुसाच्या डब्यावर सबसॉनिक लिहिलेलं बघ. म्हणजे गोळी आवाजापेक्षा हळू जाते. हळू जाते म्हणून मांस फाडत नाही, आणि मोठा धमाका होत नाही म्हणून बाजूचे ससे उधळत नाहीत. टोक पोकळ असलेली घे. भरीव गोळी आरपार निघून जाते, ससा तसाच बिळात शिरतो आणि आत पडून हळूहळू मरतो. ते पाप घेऊ नको. पन्नास मीटरच्या आत आल्याशिवाय घोडा ओढायचा नाही. मागे मातीचा चढ पाहिजे, कारण टू-टूची गोळी दगडावरून उसळते आणि तिला तुझं माझं कळत नाही.

"एकाच कंपनीचा मोठा डबा घेऊ नको. दुकानदार गळ्यात मारेल, मीही मारलेत. वेगवेगळ्या कंपन्यांची छोटी पाकिटं घे आणि आधी कागदावर मारून बघ. प्रत्येक बंदुकीची आपली आवडनिवड असते. जे काडतूस तुझ्या बंदुकीतून एका जागी बसेल, ते तुझं."

मग थांबले. पाणी घेतलं. मला वाटलं झालं, तर म्हणाले, "अजून लिही. इथे शिकारीला बंदी आहे, माझं गिऱ्हाईक बाहेरदेशी जाणारं. शेख येवो नाहीतर त्याचा ड्रायव्हर, मी प्रत्येकाला पहिला प्रश्न विचारायचो, खायचंय का? त्यावरून काडतूस ठरतं. एकदा एक पोरगा कझाकस्तानला चाललेला. रानससे मारायला हरणाची काडतुसं मागत होता. मी म्हटलं, हबीबी, खाना है क्या? म्हणाला, नहीं चाचा, फोटो. मी म्हटलं, फोटो के लिए कॅमेरा चाहिए, वो सामने की दुकान में मिलता है. तो पाय आपटत गेला. अरबाबने मला आत बोलावून झापलं."

मला ही गोष्ट त्यांनी कधी सांगितली नव्हती. मी विचारलं, हेही लिहू? म्हणाले, "लिही. काडतुसाशी संबंध आहे त्याचा."

यानंतर आणखी थोडं सांगितलं आणि बोलता बोलता त्यांचा डोळा लागला. हल्ली लवकर थकतात, पेजेशिवाय पोटात काही ठरत नाही. तेव्हा शेवटचं मी माझ्या शब्दांत लिहिते. अब्बा म्हणतात, डोक्यात मारू नको. आपल्यात गोळीने मेलेलं चालत नाही, जीव असताना सुरी फिरली पाहिजे. पुढच्या पायाच्या जरा मागे मार, म्हणजे थोडा श्वास राहील. धावत जा, बिस्मिल्ला अल्लाहु अकबर म्हण आणि जबह कर. रुहानच्या तोंडात हलालच जाऊ दे.

झाराला विचार, सशाचं कालवण जमेल का? जमत नसेल तर कोंबडीच्या सुक्यासारखंच करायचं, फक्त आधी सिरक्यात मुरवून ठेवायचं आणि खोबरं जरा जास्त भाजायचं.

तुझी अम्मा


खोर फक्कान, ३० सप्टेंबर २०२४

तहा,

तुझा मेल नाही. बाग मोठी असेल, कामं असतील. मी घाई करत नाही, पण इथे एक माणूस करतं.

सकाळी एमान ऑफिसला निघाली की, "मेल बघितलास का?" संध्याकाळी ती दारात, की, "नेट चालू आहे ना?" काल तिने शेवटी सांगितलं, "अब्बा, न्यूझीलंडमध्ये आता रात्र आहे, तो झोपला असेल." तर म्हणाले, "ससे संध्याकाळीच बाहेर पडतात. एव्हाना मारून आला असेल." मग मला विचारतात, वारा असेल का तिथे, त्याला वाऱ्याचं सांगायचं राहिलं. वारा आडवा असला तर ती हळू गोळी सरकते. तेव्हा हेही वाचून घे, वारा असेल त्या दिवशी बंदूक घरी ठेवायची.

खरं सांगू? तू मेल केल्यापासून घरात माणूस परत आल्यासारखं झालंय. दाढी करून घेतली. एमानच्या नवऱ्याला पोर्टवरून यायला उशीर झाला तर त्याच्यावर ओरडले. ओरडले म्हणून आम्ही सगळे खूश. परवा मला म्हणाले, "रुहानला बंदुकीजवळ उभा करू नको म्हणावं, आवाजाची भीती बसते. तहाला बसली होती." तुझं नाव घेतलं त्यांनी. आपलं आपल्यालाच कळलं नाही, आणि मीही कळू दिलं नाही.

मी तुला एक सांगणार होते, पण ते सांगू नको म्हणालेत. "आजारपण दाखवून पोराला बोलवायचं नाही. त्याला यावंसं वाटलं तर येईल." तेव्हा मी सांगत नाही. तू मोठा आहेस, पेज आणि हॉस्पिटल एकत्र वाचता येतं तुला. ते दाराकडे बघत नाहीत, फोनकडे बघतात. एकदा विचार की येऊ का म्हणून. एवढंच विचार, बाकी मी बघते.

तुझी अम्मा


खोर फक्कान, ९ ऑक्टोबर २०२४

तहा,

तुझा मेल मिळाला. वाचला.

अब्बांनी पुढचं सांगितलं आहे, मी लिहिते.

"हो, मीच सांगितलं होतं, डोक्यात मारू नको, पायामागे मार. मी सगळ्यांना तेच सांगतो. तुला पटलं नसेल तर सोडून दे. माझं म्हणणं संपलं."

माझी तब्येत बरी आहे, हेही लिही म्हणाले. लिहिलं.

रुहानला जपा.

अम्मा


खोर फक्कान, २४ नोव्हेंबर २०२४

माझ्या बाळा,

अब्बा गेल्याचं सांगायला एमानने फोन केला तेव्हा तू तिला काय म्हणालास ते मी ऐकलं. फोन स्पीकरवर होता. "शेवटपर्यंत बदलले नाहीत ना ते? आजारी आहेत हेसुद्धा मला कळू दिलं नाही." मग तू रडलास. घर माणसांनी भरलेलं होतं, गाववाले शारजाहून, अजमानहून आलेले, कोणी कुराणातलं यासीन पढत होतं, आणि मला फोन हातात घेऊन बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवशी तू फोन उचलला नाहीस. म्हणून हे लिहिते. एमानला मी आधी वाचून दाखवलं. ती उठून माझ्या शेजारी येऊन बसली.

पोटाचा कॅन्सर होता. उन्हाळ्यात कळलं, तेव्हाच हाताबाहेर गेलेलं होतं. तुला कळवायचं नाही ही त्यांचीच अट होती, आणि तुझा मेल आल्यावर तर ती आणखी पक्की झाली. म्हणाले, "आता तो आपणहून आलाय. यात आजार घुसवला तर मला कधीच कळणार नाही, तो बापाकडे आला की मरणाऱ्या माणसाकडे आला." मी त्यांचं ऐकलं. ऐकायला नको होतं, पण ऐकलं.

आता ते दुसरं.

डोक्यात मारू नको, असं तुझ्या अब्बांनी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी डोळा लागायच्या आधी ते म्हणाले होते, "डोक्यात मार म्हणावं. कळायच्या आत खलास झालं पाहिजे. बिस्मिल्ला म्हणून घोडा ओढायचा, सुरी घेऊन धावायचं, श्वास असला तर जबह करायचं. नसला तर खायचं नाही. शेजाऱ्याच्या कुत्र्याला घाल म्हणावं. जनावराचा हक्क पहिला, आपल्या ताटाचा नंतर." मी पेन धरून बसले होते. माझ्या मनात आलं, हा पोरगा मेलेला ससा कुत्र्याला घालणार आहे थोडाच. तो शिजवणार, झारा वाढणार, आणि माझा नातू हराम खाणार. आपल्या घरच्या पोराला मी एवढ्या लांबून काय देऊ शकते, तर निदान एक हलाल घास. हे झोपले होते. मी त्यांचं वाक्य उलटं करून लिहिलं आणि वर अब्बा म्हणतात असं टाकलं. काडतुसातलं मला काय कळतं? मला वाटलं, थोडं इकडे लागलं काय नि तिकडे लागलं काय.

मग तुझा मेल आला. एमान वाचत होती आणि मधले शब्द गाळत होती. ते म्हणाले, "सगळं वाच." तिने सगळं वाचलं. ससा लहान मुलासारखा ओरडला. मागचे पाय ओढत बिळाकडे गेला. तू सुरी घेऊन धावलास आणि तुझा हात चालेना. गाडीत बसलेला रुहान किंचाळत होता, आणि त्यानंतर कितीतरी दिवस तो तुझ्याजवळ झोपायला तयार नव्हता. आतडं फुटून मांसही नासलं, तू ते पुरलंस. आणि शेवटी तू मला लिहिलंस, तुझ्या नवऱ्याला सांग, त्याच्या एका घासासाठी मी हे केलं, तो तेव्हा होता तसाच आहे, मला पुन्हा त्याचा सल्ला नको.

मेलमध्ये पायामागे मार हे शब्द आले तेव्हा त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. एमान बाहेर गेल्यावर मीच त्यांच्या पायाशी बसले. म्हटलं, मी आत्ताच लिहिते त्याला, माझं वाक्य होतं ते, तुमचं नव्हतं. मला वाटलं ओरडतील. ओरडायचं बळ नव्हतं त्यांच्यात. म्हणाले, "त्या सशाला फार त्रास झाला गं." तेवढंच. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तुझे अब्बा, काउंटरमागे आयुष्य काढलेले, एका सशासाठी रडत होते, आणि तुला वाटत होतं त्यांना काहीच वाटत नाही.

मग म्हणाले, "पेन घे. लिही, हो, मीच सांगितलं होतं." मी नाही म्हटलं. हात जोडले. म्हटलं, तुमचा पोरगा तुमच्याकडे परत येत होता, मी वाट मोडली, मला नीट करू द्या. एकदा खरं कळू द्या त्याला, तो धावत येईल. मी खूप बोलले. ते ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "हलिमा, मी चाललो. माझ्यावर तो आधीच रागावलाय, त्यात अजून थोडं. पण तुझ्यावर रागावला तर मी गेल्यावर हाक मारायला त्याला राहील कोण? आई त्याला पाहिजे. लिही."

मी लिहिलं. ते समोर बसून एकेक शब्द बघत होते. लिहून झाल्यावर म्हणाले, आता माझी तब्येत बरी आहे हेही लिही.

त्यानंतर त्यांनी मेलचं विचारलं नाही. एमान दारातून आली की तिच्याकडे बघून नुसती मान हलवायचे. गेले ते शुक्रवारी, जुम्म्याच्या अजानच्या आधी. इथे मय्यत ठेवत नाहीत, असरपर्यंत दफन झालं. एमानच्या नवऱ्याने खांदा दिला, दुकानातली माणसं आली होती, अरबाब स्वतः आले होते आणि मातीही त्यांनी दिली. मुलाची जागा रिकामी होती. लोकांनी विचारलं तर मी सांगितलं, त्याला तिकीट मिळालं नाही.

तहा, आयुष्यभर मी त्यांचं ऐकलं, आता हे एक ऐकत नाही. त्यांनी तुझ्यासाठी मला वाचवलं, पण मला असं वाचायचं नाही. तू आयुष्यभर त्यांच्या नावाने दात खात बसशील आणि मी इथे तुझे फोन घेत, मायेने बोलत राहीन, हे माझ्याच्याने होणार नाही. ईदच्या दिवशीचं तुझं वाक्य ते विसरले नव्हते. पण तुझ्या मेलमध्ये मारायचं तर खायचं असं होतं ना, ते त्यांनी एमानकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं होतं. मला म्हणाले, "माझंच आहे गं ते." एवढं त्यांना मिळालं आणि ते मी घालवलं.

फोन करू नको. उत्तर देऊ नको. रुहानचे फोटो पाठवू नको, माझी तक्रार नाही. तो ससा ओरडला त्याचा राग, रुहानच्या भीतीचा राग, तुला शेवटची माती देता आली नाही त्याचा राग, सगळा त्यांच्यावरून उतरव. ते गेले, त्यांना आता काही सांगता यायचं नाही. मी आहे. माझ्यावर रागाव.

अम्मा